आवाज उतरवला की खर्ज कुठे जातो?

रात्री घरचे झोपले की मी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग बारीक आवाजात लावून बसतो. मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या माणसाला हे वेड असायचंच. पण आवाज उतरवला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेची भरदार घुमी जाते आणि वरची झणझण तेवढी उरते. "स्पीकर हलका असेल," असं सगळे सांगतात. स्पीकर चांगला मोठा आहे. गोम कानात आहे.

काळी एकच्या पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरली तर, खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर (सेकंदाला ६९ कंपनांवर) येतो. एवढा खालचा स्वर नुसता जाणवायलाच ३५ डेसिबलच्या आसपास आवाज लागतो. १००० हर्ट्झला दोन-तीन डेसिबल पुरतात. समजा, दोन्ही ६० डेसिबलवर वाजताहेत आणि मी आवाज ३० डेसिबलनं उतरवला. वरचा स्वर अजूनही स्वच्छ ऐकू येतो, खालचा मात्र उंबरठ्याबाहेर गेला! अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली लोकांना वेगवेगळे स्वर ऐकवून याच फरकाचे आलेख काढले.

आलेखात ३००० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान एक खळगा आहे, कान तिथे सर्वांत तीक्ष्ण असतो. त्याचं कारण मला फार आवडतं. पेनाच्या टोपणाच्या तोंडावर फुंकर मारली की शीळ वाजते ना? कानाची नळीही तशीच, एका टोकाला पडद्यानं बंद, लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. अशा नळीत तिच्या चौपट लांबीची लहर घुमते, म्हणजे १० सेंटिमीटरची. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला ०.१ नं भागा: ३४३० हर्ट्झ. पडद्यापर्यंत पोचण्याआधीच हा आवाज वाढलेला असतो. खालच्या स्वरांना ही मदत नाही, उलट मधल्या कानाचा ताठरपणा त्यांना अडवतो.

 

तरीही मंद आवाजात षड्ज हरवत नाही. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सूत सरकवून जवारी लावली (तारेत झणझण आणली) की तारेतून १३८, २०७, २७६ असे पटीतले उपस्वर उसळतात, थेट कानाच्या त्या तीक्ष्ण पट्ट्यापर्यंत. त्यांच्यातलं ६९ चं अंतर मेंदू पकडतो आणि न ऐकू येणारा खर्ज आपल्याला ऐकवतो.