टच-अप रंगकाम (मोटारीचे)

मोटारीच्या रंगाचा टवका उडाला असता संपूर्ण पत्रा पुन्हा न रंगवता तेवढ्याच जागी मूळ रंगाशी जुळणारा रंग भरणे, यास टच-अप म्हणतात. बॉनेटची पुढची कड व दारांच्या कडा या टवक्यांच्या नेहमीच्या जागा. महागड्या मोटारींचा वेगळा विचार करावा लागतो तो किमतीमुळे नव्हे, तर त्यांवर मेटॅलिक (धातूच्या सूक्ष्म चकत्यांचे), मोतिया (लेपित अभ्रकाचे) व त्रिस्तरी (तळरंगावर अर्धपारदर्शक थर असलेले) रंग विशेष आढळतात म्हणून.

कारखान्यातील रंगाची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रोमीटर असते. तीत गंजरोधक विद्युत्‌लेपन, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), बेसकोट व पारदर्शक क्लिअरकोट असे थर येतात. डोळ्यांना दिसणारा रंग देणारा बेसकोट बहुधा २० मायक्रोमीटरांहून पातळ असतो. टवका कोणत्या थरापर्यंत गेला, यावर दुरुस्ती अवलंबून राहते. पोलादी पत्रा उघडा पडल्यास गंज खरवडून प्रायमर देणे अटळ ठरते. अ‍ॅल्युमिनियमवर तांबूस गंज येत नाही, मात्र रंगाखालून दोऱ्यांसारखे पसरणारे क्षरण संभवते.

नायट्रोसेल्युलोज लॅकरचा (द्रावक उडून जाताच वाळणाऱ्या रंगाचा) मोटारींवरील व्यापारी वापर १९२३–२४ च्या सुमारास, जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवरील ‘ड्युको’ रंगापासून मानतात. टच-अपच्या दृष्टीने या लॅकरचा गुण महत्त्वाचा होता : वाळलेला थर त्याच द्रावकात पुन्हा विरघळे, त्यामुळे नवा रंग जुन्यात मुरे. बेसकोट–क्लिअरकोट पद्धती बहुधा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रूढ होत गेली. साधारण १४० °से. तापमानास भाजलेला आजचा क्लिअरकोट द्रावकात विरघळत नाही; त्यामुळे टच-अपच्या ठिपक्याची कड शिल्लक राहते आणि ती घासूनच घालवावी लागते.

रंग जुळवण्याची सुरुवात मोटारीवरील पट्टीवर छापलेल्या रंगसंकेतापासून होते. पण एकाच संकेताच्या रंगातही उत्पादनाची तुकडी व कारखाना यांनुसार छटाभेद पडतो, म्हणून रंगपुरवठादार एकेका संकेताखाली अनेक उपछटा ठेवतात. उन्हाने झालेला बदल निराळाच. शिवाय दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात फटकून दिसू शकतो (मेटामेरिझम). रंगातील फरक १९७६ च्या सीआयई-लॅब (आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या) मापनपद्धतीने अंकांत मांडता येतो. मात्र मेटॅलिक रंगासाठी एका कोनातले मापन पुरत नाही. बहुकोनी वर्णपटमापकात १५°, ४५° व ११०° हे कोन प्रचलित आहेत.

मेटॅलिक रंग अचूक संकेताचा असूनही ब्रशने भरल्यावर समोरून गडद आणि तिरपे पाहता फिकट दिसतो, ही सार्वत्रिक तक्रार. दोष छटेचा नसून अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्यांच्या मांडणीचा आहे. फवाऱ्याने दिलेल्या थरात चकत्या पृष्ठभागाला समांतर निजतात. ब्रशच्या जाड ठिपक्यात त्या वाटेल तशा कलतात. फवाऱ्यात त्या समांतर का होतात, याविषयी दोन उपपत्ती आहेत. पहिलीनुसार थेंब पृष्ठभागावर आदळून पसरताना चकत्या आडव्या होतात. दुसरीनुसार द्रावक उडून थर आकसताना त्या खाली दाबल्या जातात. थर पातळ व आकसणे अधिक असल्यास मांडणी सुधारते, हे ध्यानात घेता दुसरी उपपत्ती अधिक समाधानकारक वाटते. अर्थात दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू शकतात. व्यवहारात निष्कर्ष एकच : एका जाड ठिपक्याऐवजी पातळ केलेल्या रंगाचे अनेक हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. मोतिया रंगांतील टायटॅनियम डायऑक्साइड-लेपित अभ्रकालाही हेच लागू पडते. त्रिस्तरी रंगात तळरंगावरील अर्धपारदर्शक थराची जाडीच छटा ठरवते; तेथे ब्रशचे काम क्वचितच साधते.

खळगा भरून किंचित वर आल्यावर क्लिअरकोट देतात, तो पुरता कडक झाल्यावर २००० ते ३००० क्रमांकाच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने सपाट करून पॉलिश करतात. आसपासचा मूळ क्लिअरकोट येथे सहज झिजतो, आणि अतिनील किरणांपासून संरक्षण त्याच्याकडेच असते. अशा वेळी बाटलीतल्या रंगापेक्षा घासणाऱ्या हाताची भीती अधिक. द्विघटकी क्लिअरकोटच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या घटकात) आयसोसायनेटे असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो.

मॅट रंगांना हे तंत्र लागू पडत नाही. घासल्यास त्यांवर चकाकी येते व डाग कायमचा राहतो, त्यामुळे सहसा संपूर्ण पत्राच पुन्हा रंगवतात.