आखूड पाइप, लांब पाइप: इनटेक मॅनिफोल्डचं गणित

गाड्या मॉडिफाय करणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलेला आहे. कंपनीच्या इनटेक मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या जुडग्याचे, लांब, वळणदार पाइप म्हणजे हवेला अडथळा. त्याजागी आखूड, सरळ पाइप लावले की ताकद वाढलीच. हे अर्धवट खरं आहे, आणि उरलेला अर्धा भाग फार सुंदर आहे.

मारुती 800चं इंजिन घेऊ: 796 सीसी, तीन सिलिंडर. पिस्टन खाली जातो, इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि हवा आत येते. इतकं शाळेत झालेलं असतं. पण दाब कमी झाल्याचं पाइपच्या दुसऱ्या टोकाला तत्क्षणी कळत नाही. ती दाबाची लाट आवाजाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे 350 मीटरनं, पाइपमधून उलटी वर जाते. वर प्लेनम नावाची मोठी डबी असते. तिथला दाब सहसा हलत नाही, म्हणून खळगा भरायला डबीतली हवा पाइपात घुसते आणि कमी दाबाची लाट जास्त दाबाची होऊन परत फिरते. बासरीच्या उघड्या टोकाशी लाट अशीच उलटते.

आता हिशेब करू. पाइप 35 सेंटिमीटरचा धरला तर जाऊन-येऊन 70 सेंटिमीटर, म्हणजे 2 मिलिसेकंद. 6000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, 72 अंश फिरतो. पिस्टन वरच्या टोकाला असल्यापासून मोजलं तर त्याचा वेग सुमारे 75 अंशांवर सर्वाधिक असतो आणि सगळ्यात जोरदार ओढ तिथेच लागते. तिची परतलेली लाट 147 अंशांच्या आसपास, पिस्टन तळाशी टेकायला आला असताना पोचते. व्हॉल्व्ह तळानंतरही थोडा वेळ उघडा असतो, त्यामुळे जाता जाता आणखी हवा आत ढकलली जाते. पाइपातल्या वेगवान हवेचं जडत्वही मदतीला असतं. हे नीट जुळलं, तर टर्बो (हवा दाबून भरणारा पंप) नसतानाही सिलिंडरमध्ये त्याच्या मापापेक्षा थोडी जास्त हवा मावू शकते!

तोच पाइप 3000 आरपीएमला ठेवा. त्याच 2 मिलिसेकंदांत क्रँक फक्त 36 अंश फिरतो. लाट फार लवकर येते आणि व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत तिचा जोर ओसरतो. पुन्हा 72 अंश हवे असतील तर पाइप दुप्पट, 70 सेंटिमीटरचा हवा. शिवाय व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही लाट एका टोकाला बंद असलेल्या त्या पाइपात दर 4 मिलिसेकंदांना एक आवर्तन, म्हणजे 250 हर्ट्झनं, घुमत राहते. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडताना ती शिखरावर आहे की दरीत, यानुसार टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) आलेखावर लहान लहान उंचवटे आणि खड्डे पडतात.

1960च्या क्रायसलर 300एफमध्ये हे ढळढळीत दिसतं. इंजिन मोठं होतं, पण नियम तोच. तिचे रॅम पाइप, म्हणजे लाटेचा असा फायदा घेणारे इनटेक पाइप, सुमारे 76 सेंटिमीटर लांब होते. ताकद 375 अश्वशक्ती, सर्वाधिक टॉर्क 2800 आरपीएमला. दुसऱ्या प्रकारात बाहेरून तसेच पाइप ठेवून आतल्या भिंती कापल्या आणि परिणामी लांबी निम्मी केली. ताकद 400 झाली, पण टॉर्कचं शिखर 3600 आरपीएमवर सरकलं आणि खालीही आलं.

म्हणजे मॅनिफोल्ड बदलून ताकद मुख्यतः जागा बदलते. शहरातली गाडी बहुतेक वेळ 1500 ते 3500 आरपीएममध्ये चालते. तिला आखूड पाइप लावणं म्हणजे रोजचा पिकअप देऊन क्वचित लागणारा वरचा जोर विकत घेणं. मला हा सौदा पटत नाही. ट्रॅकवरच्या गाडीसाठी मात्र तो योग्य आहे.

कार्बोरेटरच्या काळात पाइप सहसा मनाजोगते लांब करता येत नसत, कारण त्यांतून पेट्रोलही वाहायचं आणि थंड भिंतींवर चिकटायचं. एमपीएफआयमध्ये (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर) इंजेक्टर व्हॉल्व्हजवळ आला, मॅनिफोल्डला फक्त हवा वाहायची राहिली, आणि लांब प्लॅस्टिकचे पाइप शक्य झाले. आतून आरशासारखं पॉलिश करण्यालाही फारसा अर्थ नाही. गॅस्केट (सांध्यातली सीलपट्टी) आणि पोर्टची (इंजिनमधल्या हवेच्या तोंडाची) कड जुळवणं जास्त उपयोगी. आणि पाइपात बसवायचे ‘मायलेज वाढवणारे’ पंखे विकत घेऊ नका. ते हवेच्या वाटेत उभे राहतात, एवढंच त्यांचं काम.

मॅनिफोल्ड बदललाच, तर ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंगही करावं लागतं. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणारा ईसीयू दाबावरून हवेचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज जुन्या मॅनिफोल्डचा असतो. बसवताना गॅस्केट नीट बसली नाही तर बारीक शिट्टी ऐकू येते आणि आयडलिंग वर-खाली होतं.

सर्वांत जपायचं ते ब्रेकला. ब्रेक बूस्टरची (पेडलला जोर देणाऱ्या डब्याची) व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवरूनच येते. प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी झडप) लावून ती एकाच पाइपाला जोडली तर व्हॅक्यूम तुटक आणि अपुरा मिळतो. म्हणून सगळ्या पाइपांतून नळ्या काढून त्या एका डबीत एकत्र आणाव्या लागतात. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जायला हवं. गेलं नाही, तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका.