कानांनी वाचली जाणारी मराठी

बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांत मराठी ही घरची भाषा आहे आणि गुजराती ही शाळेची व बाजाराची. दांडिया बाजारात वाढलेल्या, गुजराती माध्यमात शिकणाऱ्या डोळस मुलाला आजोबांच्या कपाटातील मराठी पुस्तक वाचायचे असेल, तर त्याला दुसरी लिपी शिकावी लागते. ब्रेलमधून गुजराती शिकलेल्या अंध मुलाला मात्र तेवढे कष्ट पडत नाहीत, कारण 1951 साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय लिपींतील समान ध्वनींच्या अक्षरांना एकच ठिपके दिलेले आहेत. पहिला आणि तिसरा ठिपका म्हणजे ‘क’, मग तो गुजराती असो वा मराठी. आपल्याकडे भाषांच्या बाबतीत एवढा समजूतदार निर्णय क्वचितच झाला असेल.

अडचण आहे ती ब्रेल पुस्तकांच्या आकाराची आणि उपलब्धतेची. जाड कागदावर उठवलेले ठिपके जागा फार घेतात, त्यामुळे मध्यम आकाराच्या कादंबरीचेही अनेक खंड होतात. यावर उपाय म्हणून निघालेल्या ब्रेल पट्टीत विद्युतदाबाने किंचित वाकणाऱ्या स्फटिकाच्या चकत्या बारीक खिळ्यांना वर-खाली करतात आणि बोटांखाली ओळ बदलत राहते. हे यंत्र उत्तम आहे, पण प्रत्येक अक्षरासाठी अशा चकत्यांचा स्वतंत्र संच लागत असल्यामुळे ते महाग पडते. म्हणूनच आज दृष्टिहीन वाचकांपैकी बरेच जण प्रामुख्याने कानांनी वाचतात.

हे वाचन पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीमुळे शक्य होते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी 2006 पासून विकसित केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे, आणि अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर बहुधा आधीपासूनच असतो. स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘पाहत’ नाही, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. पडद्यावरील चित्राच्या मागे संगणकाने जो मजकूर साठवलेला असतो, बटणांना जी नावे दिलेली असतात, तेवढेच तो उचलतो आणि वाणी निर्माण करणाऱ्या दुसऱ्या प्रणालीकडे सोपवतो. मागे मजकूरच नसेल, तर त्याच्याकडे बोलण्यासारखे काही उरत नाही.

या दुसऱ्या प्रणालीचे काम मराठीत वाटते तितके सरळ नाही. ‘सरकार’ हा शब्द आपण ‘सर्‌कार’ असा उच्चारतो. कोणत्या अक्षरातील ‘अ’ गाळायचा, हे लिपी सांगत नाही. ‘चार’मधला च आणि ‘पाच’मधला च लिहिताना एकच असतो, पण उच्चारताना नसतो. असे नियम आणि त्यांचे अपवाद यंत्राला शिकवावे लागतात, किंवा ध्वनिमुद्रित मराठीच्या मोठ्या साठ्यावरून त्याला ते स्वतः शिकू द्यावे लागतात. पहिल्या पद्धतीचा आवाज कोरडा येतो, परंतु तो अतिशय वेगाने ऐकला तरी अक्षर तुटत नाही, आणि म्हणून अनेक सराईत वाचक तोच पसंत करतात. त्यांच्या वेगाने पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एक शब्दही उमगत नाही.

बडोद्याच्या वाचकापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी आणि गुजराती यांना वेगवेगळे विभाग आहेत. दोन्ही विभागांत ‘क’ सुरुवातीपासून त्याच क्रमांकाच्या स्थानावर असला, तरी विभाग वेगळा असल्यामुळे गुजराती ओळ आली की यंत्र गुजराती आवाजाकडे वळू शकते. मराठी आणि हिंदी यांचा विभाग मात्र एकच आहे. केवळ संकेतांवरून यंत्राला भाषा कळत नाही, आणि पानाच्या मांडणीत भाषेची नोंद केलेली नसेल, तर मराठी बातमी हिंदी आवाजात वाचली जाते. ‘ळ’ डगमगतो, च आणि ज परके होतात. पान तयार करणाऱ्याने भाषेची ती एक नोंद केली, तर हा त्रास बराचसा टळतो. ती करण्याचा आळस मला अक्षम्य वाटतो.

याहून मोठा अडथळा जुन्या फाँटचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईसाठी जे फाँट तयार झाले, त्यांपैकी अनेकांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले होते. डोळ्यांना तेथे स्वच्छ मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ असते आणि स्क्रीन रीडर तीच प्रामाणिकपणे वाचून दाखवतो. अशा फाँटमध्ये रचलेली स्मरणिका किंवा दिवाळी अंक संकेतस्थळावर ठेवूनही अंध वाचकासाठी बंदच राहतो. रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु प्रत्येक फाँटची संकेतयोजना निराळी असल्याने रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार तपासावेच लागतात.

जुन्या छापील पुस्तकांसाठी छायाचित्रावरून अक्षरे ओळखण्याचे तंत्र वापरले जाते. देवनागरीत शिरोरेखा शब्दातील अक्षरांना एकत्र बांधते, म्हणून पूर्वीच्या कित्येक पद्धतींत ती रेषा आधी पुसून अक्षरे सुटी केली जात. पण भ आणि म, घ आणि ध यांना ओळखण्याची एक मोठी खूण त्याच रेषेत असते: म आणि घ यांच्यावर ती अखंड, भ आणि ध यांच्यावर तुटक. रेषा पुसली की ती खूणही जाते. आताची, नमुन्यांवरून स्वतः शिकणारी न्यूरल पद्धत संपूर्ण ओळ एकदम घेते आणि अक्षरांचा क्रम अनुमानाने ठरवते. त्यामुळे चांगल्या छपाईचे पान समाधानकारक निघते. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या जुन्या पानांवर मात्र माणसाच्या मुद्रितशोधनाला अजून पर्याय नाही.

या कामाला कायद्याचा आधार आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात अपंग वाचकांसाठी सुगम प्रती तयार करण्याची मुभा आली, 2014 मध्ये दृष्टिहीनांना सुगम पुस्तके मिळणे सोपे करणाऱ्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला, आणि 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली आणि फिरत्या पेट्यांतून गावोगावी पुस्तके पोहोचवली. त्या बडोद्यातील मराठी संस्थांनी आपली जुनी प्रकाशने सुगम रूपात आणण्यात पुढाकार घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाचनापलीकडेही साधने आली आहेत. दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेली स्मार्टकेन ही काठी ध्वनीलहरी सोडून सुमारे तीन मीटरपर्यंतचा अडथळा मुठीतील कंपनाने कळवते. तीन मीटरवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. साधी काठी जमिनीवरचे सांगते, ही छातीच्या व डोक्याच्या उंचीवरचेही सांगते, आणि बडोद्यातील मांडवीच्या आसपास दुकानांची पुढे आलेली छपरे पाहता त्याची गरज स्पष्ट आहे.

आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिका आता व्हॉट्सॲपवर चित्ररूपात फिरतात, आणि स्क्रीन रीडर तेथे बहुतेक वेळा केवळ ‘प्रतिमा’ एवढेच सांगतो. तारीख, वेळ, स्थळ आणि कार्यक्रम त्याच संदेशात खाली युनिकोडमध्ये टंकले, तर अंध सभासदाला ते कोणाला विचारावे लागत नाही. पीडीएफ पाठवण्यापूर्वी तिच्यातील एक ओळ निवडून कोऱ्या संदेशात चिकटवून पाहावी. ओळ निवडताच आली नाही, तर ते पान म्हणजे नुसते चित्र आहे. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर फाँट जुना आहे. आणि मराठी जशीच्या तशी उमटली, तर ती फाइल पुढे पाठवायला हरकत नाही.