खुलासा: परवाना असला तरी पिस्तूल उघडे मिरवता येत नाही

परवानाधारकाने शस्त्र उघडे बाळगले तर चालते आणि लपवले तर गुन्हा होतो, असा समज रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनेकजण बाळगून आहेत. तो चुकीचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये अथवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. म्हणून जत्रेत किंवा वरातीत ते कमरेला दाखवत फिरणे नियमबाह्य आहे.

बागायतदारांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिच्यात चांगली माणसे अडकतात: रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी मिळालेल्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्यावर छोटे पिस्तूल घेता येत नाही, कारण परवाना त्यात नोंदवलेल्या शस्त्रापुरताच असतो.