उन्हाळ्यात लांबणारा तास

१५५१ साली फ्रान्सिस झेवियर जपानमधल्या यामागुचीचा सरदार ओउची योशिताका याच्या दरबारात गेला, तेव्हा त्याच्यापाशी गोव्याहून आणलेली पोर्तुगीज गव्हर्नरची पत्रं होती आणि नजराण्यात एक यांत्रिक घड्याळ होतं. (जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये ज्याचं शव आहे, तोच हा झेवियर.) जपानमध्ये पोहोचलेलं हे पहिलं युरोपीय घड्याळ मानलं जातं. वस्तू अपूर्व खरी, पण ती दाखवत होती ती वेळ तिथे कुणी पाळत नव्हतं.

जपानी लोक पहाट ते संध्याकाळ या काळाचे सहा भाग करत आणि संध्याकाळ ते पहाट याचे वेगळे सहा. या भागाला म्हणत ‘तोकी’. दिवस मोठा झाला की दिवसाची तोकी लांबे, रात्रीची आखडे. एदो म्हणजे आजच्या तोक्योत भर उन्हाळ्यातली दिवसाची तोकी आपल्या हिशेबाने सुमारे २ तास ४० मिनिटांची, तर ऐन थंडीतली जेमतेम १ तास ५० मिनिटांची. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पंचांगातला राहुकाळ सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ भाग करूनच काढतात आणि तोही ऋतूप्रमाणे लांबतो-आखडतो. आपली घटिका मात्र बारा महिने २४ मिनिटांचीच.

मोजणी तर आणखी गमतीची. मध्यरात्रीला नऊ टोल, मग आठ, सात, पहाटेला सहा, पाच, चार आणि दुपारी बाराला पुन्हा नऊ! नऊचा पाढा म्हणा: ९, १८, २७, ३६, ४५, ५४. प्रत्येकाचा शेवटचा अंक घ्या, हाच क्रम मिळतो. या उलट्या मोजणीचा एक खुलासा म्हणून हा पाढाच सांगितला जातो. शहरभर ऐकू जाणाऱ्या घंटेवर हे टोल पडत. टोल मोजायला लोकांनी सावध व्हावं म्हणून आधी तीन ठोके.

आता कारागिरांपुढचा पेच बघा. एकसारखं चालणं हेच ज्या यंत्राचं काम, त्याला दिवसा एका गतीने आणि रात्री दुसऱ्या गतीने कसं चालवायचं?

त्या काळच्या युरोपीय घड्याळात लंबक नव्हता. एक आडवी दांडी मागेपुढे झुले आणि दातेरी चाकाचा एकेक दात सोडत जाई. दांडीवर दोन्ही बाजूंना छोटी वजनं असत. ती टोकाकडे सरकवली की दांडी सावकाश हलते आणि घड्याळ मंदावतं. मधल्या बाजूला घेतली की पळू लागतं. जपानी कारागिरांनी नेमका हाच धागा धरला. आधी पहाटे-संध्याकाळी हाताने वजनं हलवावी लागत. पुढे त्यांनी एकाच घड्याळात दोन दांड्या बसवल्या, एक दिवसाची, एक रात्रीची. पहाट-संध्याकाळ झाली की यंत्र आपसूक एकीवरून दुसरीवर जाई. माणसाने फक्त पंधरा दिवसांनी येऊन वजनं थोडी सरकवायची. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: घड्याळ एकाच गतीने चालू द्यायचं आणि तबकडीवरचे आकडेच सरकते ठेवायचे.

तिकडे युरोपात १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ काढलं. दिवसाला पाव तासाच्या आसपास चुकणारी घड्याळं एका मिनिटाच्या आत आली आणि झुलती दांडी हळूहळू मोडीत निघाली. जपानने ती पुढची दोनशे वर्षं सोडली नाही. तिची गती सहज बदलते हा युरोपच्या नजरेतला दोष. जपानला तर तेच हवं होतं.

हा मागासलेपणा म्हणावा तर तसंही नाही. जपानी खगोलज्ञांना समान कालमापन नीट ठाऊक होतं. १८०० पासून देशाच्या किनाऱ्यांची पायपीट करून नकाशा काढणाऱ्या इनो तादाताकाच्या सामानात लंबकाची आंदोलनं मोजणारं यंत्र होतं, ग्रहणांच्या वेळा टिपायला. ग्रहणासाठी एक वेळ, बाजारासाठी दुसरी, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

१८५१ मध्ये तानाका हिसाशिगेने या परंपरेचं टोक गाठलं. ज्याच्या कारखान्यातून पुढे तोशिबा कंपनी उभी राहिली, तोच हा तानाका. त्याच्या सहा बाजूंच्या घड्याळात जपानी तबकडीवरच्या खुणा ऋतूप्रमाणे आपोआप सरकत, आणि एकदा किल्ली दिली की ते वर्षभर चालावं अशी योजना होती.

बावीस वर्षांत ही सगळी विद्या निरुपयोगी झाली. मेइजी सम्राटाच्या नव्या सरकारने जेमतेम तीन आठवडे आधी पाश्चात्त्य कॅलेंडर लागू करण्याचं फर्मान काढलं आणि जुन्या पंचांगातल्या बाराव्या महिन्याची तीन तारीख १ जानेवारी १८७३ ठरली. दिवसाचे २४ समान तास झाले. घाईमागे आधुनिकतेची ओढ होतीच, पण तिजोरीचाही हिशेब होता. जुन्या पद्धतीने पुढचं वर्ष अधिक महिन्याचं, म्हणजे सरकारी नोकरांना तेरा पगार. तो एक वाचला, शिवाय सरता बारावा महिना दोनच दिवसांचा राहिला म्हणून त्याचाही पगार सरकारने दिला नाही.