फळी मागे का उडते?

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गेला महिनाभर एका फ्लॅटच्या फर्निचरचं काम चालू होतं. सुतारांनी प्लायच्या तक्त्याला खाच पाडून खालून चार इंची कटर, म्हणजे हातात धरून चालवायचं गोल पात्याचं यंत्र, उलटा बसवला होता. बटण दाबून लॉक केलेलं, बाजूला लाकूड टेकवून सरकवायला गाइड म्हणून एक सरळ पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना क्लॅम्प. एका दुपारी सागाची हातभर पट्टी त्यावरून सुटली, मिस्त्रींच्या कमरेजवळून गेली आणि मागच्या भिंतीवर आदळली. प्लास्टरला खळगा पडला. "हात सैल पडला," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या पायाला लिंबू-मिरची बांधलेली होती.

हात घट्ट असता तर पट्टी थांबली असती, हा समज मी अनेक कारागिरांकडून ऐकला आहे. तो खरा नाही, आणि का नाही ते शाळेतल्या गणितानेही कळतं. साइटवर उचलून नेता येते ती पोर्टेबल टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत घ्या. तिचं १० इंची पातं मिनिटाला साधारण ४,८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ८०. पात्याचा परीघ जवळपास ८० सेंटीमीटर. म्हणजे दाताचा वेग सेकंदाला ६४ मीटर, ताशी २३० किलोमीटर. काहीतरी बिघडलंय हे डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात पातं १६ वेळा फिरलेलं असतं. ८०० ग्रॅमच्या पात्यात त्या वेगाला सुमारे ८०० ज्यूल ऊर्जा साठते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२० ज्यूल असते. सहा-सात चेंडूंची ही ऊर्जा एका पट्टीला क्षणात मिळू शकते. मुठीच्या जोराचा इथे प्रश्नच उरत नाही.

मग पट्टी उडते कशी? मला या यंत्राचा सगळ्यात आवडता भाग हाच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

टेबलाच्या वर पात्याचा जेवढा भाग दिसतो, त्यात आपल्याकडचे दात वरून खाली येतात. ते लाकूड टेबलावर दाबत कापतात, त्यामुळे इथे सगळं सुखरूप असतं. पात्याच्या मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर येत असतात, आणि माथ्यावरचे दात सरळ आपल्या दिशेने धावत असतात. कापून झालेलं लाकूड या मागच्या दातांना लागायला नको, एवढंच आपल्याला सांभाळायचं असतं. ते लागलं, की दात त्याला आधी उचलतात. लाकूड पात्याच्या माथ्यावर चढतं, तिरकं होतं आणि प्रचंड वेगाने आपल्याकडे फेकलं जातं. यालाच किकबॅक म्हणतात. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. हात लाकूड पुढे ढकलत असतो. लाकूड अचानक नाहीसं होतं, पण हाताचा जोर तसाच राहतो आणि हात पुढे, पात्यावर जातो. बोटं गेलेली माणसं "हात कसा गेला कळलंच नाही" असं सांगतात, ते खरंच असतं.

लाकूड मागच्या दातांना लागण्याची मुख्य कारणं दोन. पहिलं लाकडातच असतं. झाड वाढताना वाऱ्याशी, उताराशी झगडत खोडात ताण साठवत जातं, आणि लाकूड घाईने वाळवलं की बाहेरचा थर आणि गाभा यांच्यात आणखी ताण धरतो. उभी फाळ काढताना, म्हणजे लाकूड लांबीत चिरताना, तो ताण मोकळा होतो. दोन्ही भाग कधी फाकतात, कधी एकमेकांकडे मिटतात. मिटले की मागचं पातं चिमटीत सापडतं.

दुसरं कारण यंत्रात असतं. गाइड पात्याला समांतर नसेल आणि मागच्या टोकाला थोडी जवळ असेल, तर लाकूड निमुळत्या गल्लीत शिरतं. १० इंची पातं ५ सेंटीमीटर वर काढलं, तर टेबलाच्या पातळीवर त्याची लांबी सुमारे २० सेंटीमीटर भरते. एवढ्या अंतरात अर्धा मिलिमीटर फरकसुद्धा लाकूड मागच्या दातांवर दाबायला पुरतो. कापलेल्या कडेला काळा, जळका पट्टा येतो. कारागीर म्हणतात पातं बोथट झालं, आणि नवं आणतात. पुष्कळदा पातं चांगलंच असतं, गाइड तिरकी असते. म्हणजे ज्या दोषामुळे कड बिघडते, त्याच दोषामुळे पट्टी उडते. अचूक यंत्र आणि सुरक्षित यंत्र असे दोन वेगळे हिशोब इथे मांडताच येत नाहीत.

पहिल्या कारणावर उपाय आहे रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्याच्या मागे उभी असलेली पोलादी पट्टी. ती पात्याच्या पत्र्याहून जाड आणि पडलेल्या खाचेहून बारीक असते, त्यामुळे मिटू पाहणारं लाकूड तिच्यावर अडतं. ती पात्यासोबत वर-खाली झाली पाहिजे, तरच दातांना चिकटून राहते. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकात नव्याने आखलेल्या यंत्रांसाठी ती २००८ पासून आवश्यक झाली. उलट्या कटरला ती नसतेच. वरचं झाकणही नसतं.

बोट लागताच थांबणाऱ्या करवतीचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. स्टीव्हन गॅस या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये ही कल्पना बांधली. पात्यावर बारीक विद्युत संकेत फिरत असतो. शरीर लागलं की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते पाचएक मिलिसेकंदांत थांबवतो. कल्पना अप्रतिम आहे. पण हिच्यामुळे करवतीचा सगळा धोका संपला, असं जे बोललं जातं ते चूक आहे. ही यंत्रणा शरीराचा स्पर्श ओळखते. उडालेली फळी तिला कळत नाही.

मिस्त्री आता पोर्टेबल मशीन घेणार म्हणाले, तेव्हा मी सोबत गेलो. लिंबू-मिरचीवर मी काही बोललो नाही, दसऱ्याला हत्यारांना झेंडू वाहणाऱ्या माणसाची श्रद्धा मला कळते. पण लिंबाने गाइड सरळ होत नाही, हे तिथे दाखवायचं होतं. दुकानात आधी पाहिलं, रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर हलते का. मग गाइड सरकवून पाहिली. पुढे-मागे दोन्हीकडे दातेरी पट्टीवर चालणारी गाइड सहसा तिरकी होत नाही, एकाच टोकाला आवळणारी होऊ शकते. मग मोटारीची वायर सॉकेटमधून काढून ठेवली आणि पात्याच्या एका दाताला खडूची खूण केली. तो दात पुढे आणून टेबलावरच्या खोबणीपासूनचं अंतर मोजलं (ही खोबण पात्याला समांतर असायला हवी), मग तोच दात हाताने मागे फिरवून पुन्हा मोजलं. दात तोच हवा, कारण पातं किंचित लचकलेलं असलं तरी एका दाताची चूक दोन्ही ठिकाणी सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते.

मागे एक मिलिमीटर फरक निघाला. टेम्पोतून आदळत येणाऱ्या यंत्राचं असं होतं, ॲल्युमिनियमचं टेबल आणि त्याखाली लटकलेली मोटार जरा सरकते. म्हणून साइट बदलली की ही मोजणी पुन्हा करावी. दुकानदाराने ॲलन की आणली, खालचे बोल्ट सैल केले. तिसऱ्या खेपेला दोन्ही मापं जुळली. मग त्या खोबणीवरून गाइड पुढे-मागे मोजून बसवली. मिस्त्रींनी पिशवीतून सागाचा तुकडा काढला, पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहिले आणि पुश स्टिकने, म्हणजे लाकूड ढकलायच्या काठीने, तो पार केला. कड उजेडात धरून अंगठा फिरवला. काळा पट्टा कुठेच नव्हता.