कुरवाचं डोकं नको, पंखाचं टोक पाहा

गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या बोटीमागे हिवाळाभर जे पांढरे-करडे पक्षी येतात, त्यांना आपण सरसकट ‘सीगल’ म्हणून मोकळे होतो. मराठीत ते कुरव. त्या एकाच थव्यात अनेकदा दोन जाती मिसळलेल्या असतात: काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. नवीन निरीक्षक नावावर विसंबून आधी डोकं बघतो आणि तिथेच अडकतो.

हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच असतात. डोळ्यामागे एक काळपट ठिपका तेवढा उरतो, तोही दोघांना. चोच लाल, टोकाला काळी, पाय लाल, पाठ फिकट करडी. मार्चच्या सुमारास, परतीच्या आधी, डोक्यावर रंग चढू लागतो, पण तेव्हाही पेच सुटत नाही. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं प्रत्यक्षात गडद चॉकलेटी होतं आणि दुसऱ्याचं जरा फिकट तपकिरी, मागच्या बाजूला गडद कडा असलेलं. सूर्य समोर असला की दोन्ही काळीच दिसतात.

म्हणून पक्षी उडताना पंखाचं टोक पाहा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड, मनगटापासून (म्हणजे पंख मध्ये जिथे वाकतो तिथून) टोकापर्यंत, स्वच्छ पांढरी असते. निमुळता होत गेलेला हा पांढरा पट्टा लांबूनही चमकतो. काळा रंग फक्त टोकांपुरता, मागच्या कडेला बारीक रेघ ओढल्यासारखा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखाचं टोकच काळं असतं, भरपूर काळं, आणि त्या काळ्यात पांढरे टिपके उठून दिसतात. प्रौढ पक्ष्यात बहुधा सगळ्यात बाहेरच्या दोन पिसांवर ते असतात. थोडक्यात, एकाच्या पांढऱ्याला काळी किनार, तर दुसऱ्याच्या काळ्यात पांढरे टिपके.

जेट्टीवर उभं राहिलं की पक्षी डोक्यावरून जातो आणि पंखाची खालचीच बाजू दिसते. तिथेही हीच खूण चालते. काळ्या डोक्याच्या कुरवाची बाहेरची पिसं खालूनही पांढरी असतात आणि त्यांना लागून आतली पिसं काळपट. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा मनगटापुढचा जवळजवळ सगळा भाग खालून गडद दिसतो, टिपक्यांसकट.

बसलेला पक्षी असेल तर डोळा बघा. नांगरलेल्या बोटीच्या टपावर किंवा पाण्यातल्या बोयावर कुरव निवांत बसतात, तेव्हा दुर्बिणीतून बुबुळ स्पष्ट दिसतं. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट, पिवळसर पांढरं असतं, त्यामुळे तो जरा रागीट वाटतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, चेहरा सौम्य. तपकिरी डोक्याचा अंगाने थोडा मोठा, साधारण ४२ सेंटिमीटर, चोचही जाड. दुसरा ३८च्या आसपास. पण आकारावर एकट्याने भरवसा ठेवू नये, दोघे शेजारी बसले तरच तो कामाचा.

पहिल्या हिवाळ्यातले पक्षी मात्र खरी परीक्षा घेतात. शेपटीच्या टोकाला काळा पट्टा आणि पंखांवर तपकिरी डाग दोघांनाही असतात. तपकिरी डोक्याच्या पिल्लाच्या पंखात पांढरे टिपके अजून आलेले नसतात आणि डोळाही सुरुवातीला गडदच असतो. अशा वेळी पंखाचं टोक भरीव काळं आहे की पुढच्या कडेला पांढरा पट्टा आहे, एवढंच विचारावं. आणि एक सावधगिरी: फिकट डोळा दिसला, पण पंखाची पुढची कड पांढरी आणि चोच लांब असेल, तर तो कदाचित बारीक चोचीचा कुरव, म्हणजे तिसराच.

हा फरक नोंदवण्याला महत्त्व आहे. तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातल्या उंच पठारांवर वीण करतो. आपल्या लडाखमध्ये सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या त्सो मोरिरीच्या परिसरातही त्याची घरटी असतात. काळ्या डोक्याचा कुरव युरोप आणि उत्तर आशियातल्या पाणथळींमधून येतो. लडाखमध्ये मोकाट कुत्री जमिनीवरची घरटी फस्त करतात, त्याचा फटका बसला तर तो एकाच जातीला बसेल. आपल्या वहीत दोघांची मिळून ‘सीगल, पुष्कळ’ एवढीच नोंद असेल, तर इथे कोण कमी झालं हे कधीच कळणार नाही.

पक्षी जवळ यावेत म्हणून बोटीतून गाठी-वेफर्स फेकणं थांबायला हवं. तेल-मीठ हे या पक्ष्यांचं अन्न नाही, आणि त्याची गरजही नसते. बोटीच्या पंख्याने पाणी ढवळलं की वर येणाऱ्या छोट्या मासळीसाठी कुरव आपसूक मागे येतात. बोटीच्या मागच्या बाजूला, सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी जागा धरा आणि पंख पूर्ण उघडलेला असतानाचा फोटो घ्या. शंका राहिलीच तर घरी त्या एका फोटोवरून बहुतेक वेळा उत्तर मिळतं.